अकरा नंबरचा रुमाल

या मित्रांनो, बसा. जवळ बसा, पण मला टेकू नका. सदऱ्याला काजळी लागली तर घरी मार तुम्ही खाल आणि शिव्या मला पडतील. मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. आज तुम्हाला माझी गोष्ट सांगते, आणि पुरी सांगते. पण आधीच बोलून ठेवते, ही काही शूरवीराची गोष्ट नाही. ही भ्यालेल्या लोखंडाची गोष्ट आहे. लोखंड कुठं भितं का, म्हणाल. भितं बाबांनो. जन्मात दोनदा मी अशी भ्याले की पोटातले निखारे तडतडले. एकदा लढाईच्या दिवसांत, आणि एकदा अगदी परवा, सिनेमावाल्यांच्या दिव्यांखाली. दोन्ही वेळा कारण एकच होतं. एक रुमाल.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या भट्टीतला. तापलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड केलं, घासलं, आणि झाकणावर एक इवलासा पितळी कोंबडा बसवला. तो कोंबडा म्हणजे माझी कडी. तो फिरवला की झाकण उघडतं आणि आत निखारे भरता येतात. पुढे एकदा पडून त्याचा तुरा मोडला. आजही मोडकाच आहे. मीही काही आता लग्नाला उभी नाही, चालायचंच.

पेटीत बसून, जहाजातून मी मापुतोला आले. तेव्हा शहराचं नाव दुसरं होतं आणि राज्य पोर्तुगालच्या गोऱ्यांचं होतं. मला घेतलं जेरेमियास तेंबेनं. हा परीट. आमच्याकडे परटाला मायनातो म्हणतात. माणूस काटकुळा, पण हात फावड्याएवढे. मफलाला वस्तीत त्याचं पत्र्याचं घर, दारात काजूचं झाड, झाडाला कपडे वाळवायची दोरी. घरात बायको रुते आणि सहा वर्षांची पोर, ओर्तेन्सिया.

जेरेमियासकडे बूट नव्हते. आणि अनवाणी माणसानं गोऱ्यांच्या फुटपाथवर पाय ठेवायचा नाही, असा तेव्हा कायदा. म्हणून तो डोक्यावर गाठोडं घेऊन गटाराच्या कडेकडेनं हॉटेलात जायचा. ज्या शर्टाची कॉलर बघून साहेब लोक वाहवा म्हणायचे ना, तो शर्ट गटाराच्या कडेनं चालत आलेला असायचा.

काम मात्र काय करायचा! कपडा हातात आला की आधी नाकाशी धरायचा. घामाचा वास आला तर टबात. नाही आला तर धुवायचा नाहीच, चुरगळा मोडून सरळ इस्त्री. लढाई सुरू झाल्यापासून साबण मिळेनासा झाला होता, मग ही रीत आणखी पक्की झाली. मला गालाजवळ धरून तो माझी ऊब ओळखायचा. बोट लावायचा नाही, थुंकी उडवायचा नाही. नुसता गाल. म्हणायचा, "आज रागात आहेस गं. थांब जरा." मग मला राखेवर टेकवून गार होऊ द्यायचा. माझ्याशी असं कोणी पुन्हा बोललं नाही.

आता लढाईचं ऐका. अख्खं जग एकमेकांवर तुटून पडलेलं, पण पोर्तुगाल त्यात नव्हतं. म्हणून आमच्या शहरात दोन्हीकडचे लोक एकाच हॉटेलात उतरायचे, एकाच दालनात जेवायचे, आणि एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं करायचे. त्या सगळ्यांचे कपडे आमच्या दोरीवर. रुते दोरीकडे बघून म्हणायची, "मालक लोक एकमेकांच्या नरड्याला लागलेत, आणि बघा, त्यांच्या चड्ड्या कशा हातात हात घालून नाचतायत!"

हॉटेलाबरोबर बंदरातल्या जहाजांचं कामही जेरेमियासकडे होतं. जहाजाच्या चादरी, टॉवेल, कप्तानाचे पांढरे शर्ट. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात जहाजाचं नाव काळ्या शाईनं छापलेलं असायचं. जेरेमियासला वाचता येत नव्हतं, पण गठ्ठे चुकू नयेत म्हणून तो त्या नावांची रूपं डोक्यात ठेवायचा. 'क्वीन डोरा' नावाच्या जहाजाचं पहिलं अक्षर म्हणजे एक गोल आणि त्याला खाली शेपूट. ओर्तेन्सिया त्याला उंदीर म्हणायची. गाठोडं सुटलं की ओरडायची, "बाबा, उंदराच्या चादरी आल्या!"

त्या उंदराच्या जहाजावर रुतेचा धाकटा भाऊ होता. फाबियांव. इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला. जहाज बंदराला लागलं की तो घरी यायचा, कसावाच्या पानांची भाजी चापून खायचा आणि मला म्हणायचा, "काय बहिणाबाई, तूही कोळशाची, मीही कोळशाचा."

एका दुपारची गोष्ट. ऊन असं की कोंबड्या चोच उघडून झाडाखाली बसलेल्या. जेरेमियासनं हॉटेलचं गाठोडं सोडलं. अकरा नंबरच्या खोलीत एक पाहुणा होता. स्वतःला चष्म्याच्या काचांचा व्यापारी म्हणवायचा, पण दिवसभर गच्चीत बसून बंदराकडे बघायचा. त्याच्या कपड्यांत एक पांढरा रुमाल निघाला. खोली झाडणाऱ्या बाईनं उशीपाशी पडलेला उचलून गाठोड्यात कोंबला असणार. कोपऱ्यात जेरेमियासनंच पूर्वी घातलेली लाल धाग्याची खूण होती, अकरा नंबरची. त्यानं रुमाल नाकाशी धरला. घाम नाही. लिंबाचा वास.

"चहा सांडला वाटतं साहेबानं," तो म्हणाला. "लिंबू पिळून पितात चहा. आजाऱ्यागत."

"मग धुतोस की नाही?" रुते म्हणाली.

"कशाला? वास चांगलाय."

त्यानं रुमाल फळीवर पसरला आणि मला त्यावरून फिरवलं. उचललं. खाली तपकिरी रेघ उमटली होती.

मित्रांनो, इस्त्रीला सगळ्यात मोठं भय कशाचं? डागाचं. मला वाटलं, संपलं. साहेबाचा रुमाल जाळला मी. पण ती रेघ डागासारखी पसरेना. ती वळली, थांबली, पुन्हा सुरू झाली. जेरेमियासनं श्वास रोखून मला पुन्हा फिरवलं. दुसरी ओळ आली. मग तिसरी. पानावर किडा चालावा तशी अक्षरं कापडातून वर येत होती आणि ती मी वर आणत होते.

ओर्तेन्सिया फळीशी टाचा उंच करून उभी होती. तिनं बोट ठेवलं.

"बाबा, उंदीर!"

तिसऱ्या ओळीत, गोल आणि त्याला शेपूट. पुढे आकडा. आकडे जेरेमियासला कळायचे. ती परवाची तारीख होती.

मुलांनो, बाहेर समुद्रात पाणबुड्या दबा धरून बसलेल्या. कुठलं जहाज कधी सुटणार एवढं त्यांना कळलं की झालं, ते जहाज पुन्हा कुठल्या बंदराला दिसायचं नाही. हे मफलालातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काचांचा व्यापारी गच्चीतून काय बघत होता, ते आता आमच्या फळीवर पडलं होतं.

रुते पुढे झाली. तिला अजून उंदीर दिसला नव्हता. "जाळ तो," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. आपण काही बघितलं नाही. घाल इस्त्रीत."

"फाबियांवचं जहाज आहे यावर."

रुते होती तिथं खाली बसली. माझे निखारे तेवढे तडतडत होते. मला थांबवता येईनात.

"मग पोलिसांकडे जा," ती म्हणाली.

"पोलिसांचा साहेब आणि अकरा नंबर रोज एका टेबलावर जेवतात. त्यांचे टेबलक्लॉथ कोण धुतं? मी धुतो. दोघांच्या दारूचे डाग एकाच कापडावर असतात."

मग त्यानं 'क्वीन डोरा'च्या कप्तानाचे शर्ट पुढे ओढले. घडी मोडू नये म्हणून कॉलरखाली पुठ्ठा घालतात ना, त्या पुठ्ठ्याखाली रुमाल सरकवला. शर्ट अंगात घालताना पुठ्ठा काढावाच लागतो. कप्तानाला वाचता येत होतंच.

"तो लाल धागा तरी उसव," रुते म्हणाली. "तुझी खूण आहे ती. सापडला तर सरळ तुझ्या दारात येतील."

जेरेमियासनं धाग्यावर अंगठा ठेवला. मी बघत होते. अंगठा थरथरत होता.

"उसवला तर हा कुणाच्या खोलीतला ते कप्तानाला कळायचं कसं?" तो म्हणाला, आणि धागा तसाच राहिला.

गाठोडं डोक्यावर घेताना तो पोरीपुढे वाकला. "ओर्तेन्सिया, जीभ बाहेर काढ. आता तिची घडी घाल. आत ठेव. मी सांगेपर्यंत उलगडायची नाही. कळलं?"

पोरीनं मान हलवली. तो गटाराच्या कडेनं बंदराकडे गेला. मी राखेवर गार होत पडून राहिले. तो परत येईपर्यंत जे भय वाटलं ते आजही माझ्या तळात आहे.

परवा उजाडलं. जहाज सुटलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आणि हॉटेलात अकरा नंबरनं आपला रुमाल मागितला.

सकाळीच दोन पोलीस आले. राखी टोप्या. जेरेमियास उभाच होता, जणू वाटच बघत होता.

"रुमाल कुठाय?"

"जळाला, साहेब. इस्त्री जास्त तापली. माझी चूक."

एकानं मला उचलून उलटं केलं आणि माझा तळ बघितला. माझा तळ कसा, आरशासारखा! आयुष्यभर ज्याचा तोरा मिरवला तो तळ त्या दिवशी माझ्या मालकाच्या मुळावर आला. मला वाटलं, देवा, एक डाग दे. एकच काळा डाग दे.

"रुमाल जळाला म्हणतोस, आणि इस्त्रीला डाग नाही?"

"मेणानं घासली, साहेब. डाग ठेवून कसं चालेल? दुसऱ्याचे कपडे खराब होतात."

ते त्याला घेऊन गेले. तीन दिवसांनी परत आणून सोडलं. त्या काळी एक लाकडी फळी असायची, भोकं पाडलेली, मुद्दाम हातावर मारायला. त्याचे हात पावासारखे सुजले होते. प्रत्येक फटक्याला विचारलं, कुणाला दिलास? प्रत्येक फटक्याला तो म्हणाला, जळाला. पुढे रुते त्याच्या हातांना तेल लावायची तेव्हा हे आम्हाला कळलं. उजव्या हातानं त्यानं मला पुन्हा कधी धरलं नाही. डावा शिकवला त्यानं, म्हातारपणापर्यंत डाव्यानंच.

माझ्या नावावर एवढं एकच खोटं आहे मित्रांनो, की मी एक रुमाल जाळला. ते मी खुशीनं अंगावर घेतलं.

चार महिन्यांनी फाबियांव आला, बिस्किटांचा डबा घेऊन. म्हणाला, "कप्तान कुठं काय ऐकून आला कोण जाणे, नऊ दिवस जहाज हलवलं नाही. मग भलत्याच वाटेनं नेलं. आमच्या आधी गेलेल्या दोन जहाजांचा पत्ता नाही रे." जेरेमियासनं एवढंच विचारलं, "चादरी आणल्यास का धुवायला?" त्यालासुद्धा सांगितलं नाही. कोणालाच नाही. पोलिसांचं राज्य अजून तीस वर्षं राहायचं होतं आणि भय काही लढाईबरोबर संपत नाही.

पण न सांगितल्याची किंमत पडली. पोलिसांच्या कारकुनानं वहीत लिहून ठेवलं, 'मायनातो जेरेमियास तेंबे, याचे अकरा नंबरच्या पाहुण्याशी गुप्त संबंध असावेत.' आणि वस्तीतही कुजबुज झाली की हा त्या पाहुण्याचाच माणूस होता, भांडण झालं म्हणून मार खाल्ला. लोक कपडे टाकायचे, पण अंगणात बसायचे नाहीत. जेरेमियास तसाच गेला. ओर्तेन्सियाची जीभ घडी घातलेलीच राहिली, कारण 'आता उलगड' म्हणायचं तो विसरला, की धजला नाही, देव जाणे.

मग वीज आली. भिंतीत वायर खुपसायची की इस्त्री तापली! माझं काय झालं विचारू नका. दाराला अडसर झाले. वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून छपरावर बसले, तिथं गंजले. एका कोंबडीनं माझ्या पोटात अंडं घातलं. गोऱ्यांचं राज्य गेलं, शहराचं नाव बदललं, पुन्हा लढाई झाली, पूर आला, मी आपली छपरावर. कधी कधी ओर्तेन्सिया वर बघायची. तिची पोरं झाली, नातवंडं झाली. बघायची आणि काही बोलायची नाही.

परवा परवा एक दिवस तिची नात मार्सिना शिडी लावून वर आली. ही मार्सिना तिशीतली बाई, सिनेमाच्या कपडेपटात इस्त्रीचं काम करते. म्हणजे धंदा तोच. शहरात परदेशी सिनेमावाले आले होते, लढाईतल्या हेरांचा सिनेमा काढायला. त्यांना जुनी खरी कोळशाची इस्त्री पाहिजे होती. मार्सिनानं मला खाली काढलं, चिंचेनं आणि राखेनं घासलं. तळ चमकला तेव्हा मला रडू यायचंच राहिलं.

सिनेमाचा दिग्दर्शक म्हणजे लॉसन साहेब. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा करून म्हणाला, "आफ्रिकेतल्या लढाईचे सिनेमे निघाले, पण त्यात आफ्रिकेचा माणूसच नसायचा. आपण ती चूक सुधारतोय. आपल्या सिनेमात सगळ्या रंगाची माणसं आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मनात वाजवली. खरंच होती सगळी. गोव्याचा दुकानदार होता, चिनी खानसामा होता, आमचा मायनातो होता. पण मी टेबलावर पडून तालीम ऐकत गेले तशी माझी टाळी थंड पडली. दुकानदार लबाड. खानसामा घरभेदी. शूर तेवढा एकच, बाहेरून आलेला गोरा हेर.

आणि मायनातो? मायनातो जहाजांची यादी शत्रूला विकतो. एका बुटांच्या जोडासाठी.

ते काम करणारा नट दुल्सिदियो. अकरा वर्षं सिनेमात ट्रे धरून मागे उभं राहिलेला. पहिल्यांदाच त्याला तीन वाक्यं मिळाली होती. तो कागद घेऊन कपडेपटात नाचत आला. "मार्सिनाताई, ऐक ना! 'घ्या साहेब, यादी. उद्या तिन्ही जहाजं सुटतील. माझे बूट कुठं आहेत?' कसं वाटलं?"

"छान," मार्सिना म्हणाली. "नाव काय रे तुझं, सिनेमात?"

"जेरेमियास. जुन्या पोलीस वहीत सापडला म्हणे त्यांना. जेरेमियास तेंबे."

मार्सिनाच्या हातातला शर्ट खाली पडला. तिला रुमालाचं ठाऊक नव्हतं, पण पणजोबाचं नाव ठाऊक होतं आणि वस्तीतली कुजबुजही. आणि त्याहून वाईट म्हणजे, शूटिंग बघायला तिनं आजीला बोलावून ठेवलं होतं. आजीला ती वोवो म्हणते.

"पोटावर पाय येईल माझ्या, बोलले तर," ती स्वतःशीच पुटपुटली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि नाही बोलले तर?" इस्त्री काय सांगणार!

दुसऱ्या दिवशी दुपारी सीन मांडला. काजूचं झाड खोटं, दोरी खोटी, निखारे मात्र खरे. कित्येक वर्षांनी माझ्या पोटात विस्तव पडला. ओर्तेन्सिया वोवो अठ्ठ्याऐंशी वर्षांची, ठेवणीतलं रंगीत कापड नेसून खुर्चीत बसली होती. दुल्सिदियोनं मला उचललं आणि बोट कोंबड्याला लागलं.

"आई गं!" तो किंचाळला.

"अरे, कोंबड्याला काय धरतोस, पाळायचाय का?" वोवो खुर्चीतून ओरडली. सगळे हसले. लॉसन साहेबही हसले. मार्सिनाला म्हणाले, "आजींना येतं का? त्याला दाखवतील का?"

वोवो काठी टेकत आली. मला उचलून गालाजवळ धरलं. मित्रांनो, अगदी तसंच. मग दुल्सिदियोला म्हणाली, "हं, आता तुझं काय ते म्हणून दाखव, म्हणजे इस्त्री कधी फिरवायची ते सांगते." आणि त्या बिचाऱ्यानं तिन्ही वाक्यं म्हटली, अगदी झोकात. शेवटी म्हणाला, "मी जेरेमियास तेंबे आहे, वोवो. कसं झालं?"

मार्सिनानं डोळे मिटून घेतले.

म्हातारी हलली नाही. तिचा हात माझ्या मुठीवर होता, म्हणून मलाच कळलं, ती थरथरत होती. ऐंशी वर्षांपूर्वी तिच्या बापाचा अंगठा थरथरला होता तशीच. मग ती मार्सिनाला म्हणाली, "चहाच्या टेबलावरून लिंबू आण."

लिंबू आलं. तिनं पांढरा रुमाल फळीवर पसरला, बोट रसात बुडवलं आणि कापडावर काहीतरी काढलं. गोल, आणि त्याला शेपूट. दिसत काहीच नव्हतं. फुंकर मारून वाळवलं. "चालव इस्त्री," ती दुल्सिदियोला म्हणाली. "मूठ धर. सावकाश."

आता माझ्यावर आलं होतं. इतकी वर्षं छपरावर गंजलेली मी, कोंबडीचं खुराडं झालेली. ऊब कमी पडली तर कापड कोरंच राहणार आणि म्हातारी वेडी ठरणार. जास्त झाली तर रुमाल जळणार, आणि मग ते जुनं खोटं खरं होणार. दिवे डोळे वटारून बघत होते. मी पोटातल्या एकेका निखाऱ्याला विनवलं. दुल्सिदियोनं मला एकदा फिरवलं. काही नाही. मागून कोणीतरी हसू दाबलं. दुसऱ्यांदा फिरवलं, उचललं.

तपकिरी गोल. त्याला शेपूट.

मग वोवोनं जिभेची घडी उलगडली. लिंबाचा वास, उंदीर, पुठ्ठा, लाल धागा, राखी टोप्या, भोकांची फळी, सगळं. मार्सिना रडत रडत साहेबाला त्याच्या भाषेत सांगत होती.

"पण वहीत असं नाही," लॉसन साहेब हळूच म्हणाले.

"वही त्यांची, हात माझ्या बापाचे," वोवो म्हणाली. "तुम्ही आम्हाला सिनेमात घेतलंत, बरं केलंत. आधी तर दिसायचोच नाही. पण काय म्हणून दिसतोय, ते पण विचारा की कोणाला तरी. जन्मभर गटाराच्या कडेनं चालला माझा बाप. त्याला बुटांची हाव असती तर तो रुमाल त्यानं अकरा नंबरला परत देऊन बूट मागून घेतले असते. एवढं करा, खरं दाखवा. नाहीतर त्याचं नाव काढून टाका."

दुल्सिदियोनं पायाशी ठेवलेला बुटांचा जोड उचलून साहेबापुढे ठेवला. "मी हे घेणार नाही साहेब," तो म्हणाला. "ट्रे धरीन पुन्हा." अकरा वर्षांनी मिळालेली वाक्यं होती ती.

साहेबानं हातातले कागद मिटले. त्या दिवशीचं काम थांबवलं. मार्सिना घरी गेली ती नोकरी गेली असं धरूनच.

तिसऱ्या दिवशी नवे कागद आले. मायनातो रुमालाचा वास घेतो. इस्त्री फिरवतो. रुमाल पुठ्ठ्याखाली सरकवतो. धाग्यावर अंगठा ठेवतो आणि तो उसवत नाही. दुल्सिदियोला आता एकही वाक्य नव्हतं, पण कॅमेरा सगळा वेळ त्याच्या हातांवर होता. वोवो शेजारी उभी राहून ओरडत होती, "अंगठा थरथरू दे! भ्याला होता तो! भ्याला होता आणि तरी गेला!"

तर मित्रांनो, मी आता कपडेपटात मार्सिनाच्या टेबलाखाली असते. गंजू नये म्हणून ती मला तेलाचं बोट लावते. पण मी अजून भितेच. सिनेमा कापाकापीला परदेशी गेलाय. तिथं कात्री कोणाच्या हातात असेल, काय ठेवतील, काय टाकतील, कोणास ठाऊक. वोवोची नजर आता अधू झालीय. ती रोज विचारते, आला का गं सिनेमा? शेवटी नावं येतात म्हणे पडद्यावर, बारीक अक्षरात, आणि लोक तेव्हा उठून जातात.

म्हणून तुमच्याकडे एक मागते. तो सिनेमा कधी तुमच्या गावात आला, तर शेवटी दिवे लागले तरी खुर्चीतून उठू नका. नावं संपेपर्यंत बसा. अगदी खाली कुठं जेरेमियास तेंबे, मायनातो, असं दिसतं का बघा. आणि दिसलं तर मोठ्यानं वाचा. वोवोला तेवढं ऐकू येईल.